रोजचा फोन बंद करतेय, पण आधी हे वाचा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. मी ठीक आहे, घरी सगळे ठीक आहेत, कुणाला काही झालेलं नाही. बाबा, तुम्ही हे मोठ्यानं वाचणार आणि आई मधेच "पुन्हा वाचा" म्हणणार, हे धरूनच अक्षर मोठं काढलंय. दमलात तर चष्मा काढून ठेवा, उरलेलं उद्या वाचा. फक्त मधली पानं सोडून शेवट आधी वाचायचा नाही. आई, हे तुला.

मुद्द्याचं पहिल्यांदा सांगते, नाहीतर दोघं जीव मुठीत धरून बसाल. येत्या सोमवारपासून मी रोज संध्याकाळी फोन करणार नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार असे तीन दिवस करेन, रात्री साडेआठला, तुमच्या बातम्या संपल्यावर. हे ठरलंय.

आता लगेच एकमेकांकडे बघून "आपण काही बोललो का तिला?" सुरू करू नका. तुम्ही काहीच बोलला नाहीत. बोललेय ती मीच, आणि अडचण तीच आहे.

झालं असं की, मी फोन बदलला तेव्हा त्यात कॉल आपोआप रेकॉर्ड होण्याची सोय चालू होती. मला दोन महिने पत्ताच नाही. फोनमधली जागा संपत आली म्हणून काय काय साठलंय ते बघायला गेले, तर आपली बोलणी, ओळीनं, तारीखवार. तुम्हाला न विचारता ती राहिली ही माझी चूक. माफ करा. आता ती सोय बंद केलीय आणि सगळी पुसून टाकलीत. एक सोडून. ती का ठेवली ते पुढे सांगते.

पुसायच्या आधी सहज एक लावलं आणि मला आपला टेपरेकॉर्डर आठवला. लाल बटणाचा, ज्याचं झाकण तुटलं आणि आळ माझ्यावर आला, तोच. बाबा, तुम्ही मला समोर बसवून कविता म्हणायला लावलीत, टेप मागे फिरवून ऐकवलीत आणि मी भोकाड पसरलं. "ही मी नाहीच! ही कुणीतरी चिरक्या आवाजाची मुलगी आहे!" आईनं कुशीत घेतलं, पण तुम्ही हसत राहिलात. म्हणालात, "बाळा, तू स्वतःला आतून ऐकतेस. आम्हाला तू अशीच ऐकू येतेस."

तेव्हा मला ते क्रूर वाटलं होतं. पण तुमचं शब्दशः खरं होतं. बोलताना आपला आवाज हवेतून कानावर येतो, तसा कवटीच्या हाडांतूनही कानाच्या आत पोचतो. हाडं खालचे सूर जास्त नेतात, म्हणून आपला आवाज आपल्याला जरा भरदार वाटत असतो. टेपवर हाडांचा हा वाटा गळतो आणि उरतो तो पातळ आवाज. जगाला कायम तोच ऐकू येत असतो.

आवाजाचं एक वेळ राहू दे. मी बोलणंसुद्धा आतूनच ऐकत आले होते. आतून मी म्हणजे दिवसभराचं काम उरकून न चुकता आई-वडिलांना फोन करणारी लेक. आणि बाहेरून? वसुली अधिकारी. "गोळ्या घेतल्या? बीपी किती आलं? फिरून आलात? झोप लागली? बरं, ठेवते." मागे टकटक टकटक. ती टकटक कसली ते कळायला मला क्षणभर लागला. मी तुमच्याशी बोलता बोलता ऑफिसची मेल लिहीत होते. बाबा, तुम्ही त्या कॉलमध्ये एकदा विचारलंही आहे, "कामात आहेस का?" आणि मी म्हणतेय, "नाही नाही, बोला ना." टकटक चालूच.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानकोंडी झाले, बाकी काही नाही. दुसऱ्यांदा ऐकताना स्वतःची वकिली करत होते: त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं, शिवाय बाबाही किती लांबण लावतात. तिसऱ्यांदा वही घेऊन बसले. (आई, हसू नकोस. वहीशिवाय मला काही सुचत नाही, हे तुझ्याकडूनच आलंय.) अकरा मिनिटांचा कॉल. बाबांनी नऊ वाक्यं सुरू केली, त्यातली चार मी पुरी होऊ दिली. "हो हो हो, कळलं" हे मी सतरा वेळा म्हणालेय. कळलं काहीच नव्हतं, कारण वाक्यं अर्धीच होती.

आणि ते गोळ्यांचं भांडण. ते तुम्हाला नक्की आठवत असेल, कारण त्यानंतर दोन दिवस तुम्ही फोनवर फक्त "हं" म्हणत होतात. मी सांगितलं, साठ गोळ्यांची बाटली मागवलीय. तुम्ही म्हणालात, "आठच? आठ दिवसांत संपतील." मी म्हटलं, "साठ, बाबा." तुम्ही: "तेच म्हणतोय, आठ कशा पुरतील?" मग मी जे ओरडले ते इथे लिहीत नाही. "तुम्ही कधी ऐकतच नाही" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य.

बाबा, ते रेकॉर्डिंग मी कान लावून ऐकलं. माझा "स" मलाच नीट ऐकू येत नाहीये. हॉलमधल्या आपल्या फोनसारखी साधी टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा नेते, आणि "स"चा बराचसा सळसळाट त्याच्या वर असतो. म्हणजे माझ्या तोंडून निघालेला "साठ" तारेतच "आठ"च्या जवळ जाऊन बसतो. त्यात वय वाढलं की कान आधी वरचे सूर सोडतात. "स", "श", "फ" अशी नाजूक अक्षरं निसटतात आणि आकार-ओकार शाबूत राहतात. म्हणून माणसाला वाटतं, ऐकू तर येतंय, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. ओरडलं की फुगतात ते आकारच. "स" जिथल्या तिथे. म्हणजे मी जितकी किंचाळले तितकी "आठ"च म्हणत गेले. तुम्ही त्यावर काय म्हणालात माहितीय? "ओरडू नकोस, नीट बोल." शास्त्राला धरून होतं ते, आणि मी त्याला उद्धटपणाचं उत्तर दिलं.

म्हणून दुसरा निर्णय. रागावू नका, तोही झालेलाच आहे. पुढच्या मंगळवारी सकाळी अकराला तुमच्या कानांची तपासणी आहे. दादा येऊन घेऊन जाईल. काही टोचत नाहीत, दुखत नाही. एका शांत खोलीत कानाला हेडफोन लावून बसवतात आणि बारीक शिट्ट्यांसारखे आवाज येतात. ऐकू आला की बटण दाबायचं. आधी डॉक्टर कानात मळ साठलाय का बघतील. कित्येकदा तेवढंच निघतं. मी "कान म्हातारे झाले" म्हणत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या चारांतल्या एकाहून जास्त लोकांना ऐकण्याचा अडसर ठरेल इतपत त्रास असतो. (साठीपुढच्या. आठीपुढच्या नव्हे.) यंत्र लागेल की नाही ते नंतर बघू. चष्मा लागला तेव्हाही तुम्ही तीन महिने वर्तमानपत्र लांब धरून वाचलंत आणि आमच्याच घरात उजेड कमी आहे असं ठरवलंत, ते मी विसरलेले नाही.

आता आई म्हणेल, "एवढा अभ्यास कशाला? आई-वडिलांशी बोलायचं ते मोकळेपणानं. लेकीनं आमच्या बोलण्याचा हिशेब मांडला." आई, मला हे लागलं असतं, तुलाही लागेल. पण हिशेब तुमचा मांडला नाही गं. वहीतली प्रत्येक रेघ माझ्या नावावर आहे.

यात मी काही नवीन शोधलेलं नाही. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले एली फिंकेल आणि त्यांचे सहकारी यांनी १२० जोडप्यांवर दोन वर्षं एक प्रयोग केला. २०१३ मध्ये तो छापून आला. दर चार महिन्यांनी ही जोडपी आपल्या भांडणाची आणि संसाराची खबर कळवायची. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना एक जास्तीचं काम दिलं. झालेलं भांडण एका त्रयस्थाच्या नजरेनं लिहायचं. असा त्रयस्थ, ज्याला दोघांचंही भलं व्हावं असं मनापासून वाटतं. एका वेळेला सात मिनिटं, वर्षातून तीनदा. एकवीस मिनिटं झाली, बस. ज्यांनी लिहिलं नाही त्यांची संसारातली गोडी आधीसारखीच उतरत गेली. लिहिणाऱ्यांची उतरायची थांबली. मला सगळ्यात आवडलं ते हे की त्यांची भांडणं कमी झाली नाहीत. तितकीच झाली, पण मनाला कमी लागली.

जावयांवर करून पाहिलाय हा प्रयोग. निकाल सांगणार नाही, पण कपाटाच्या दाराचा विषय मिटला.

मग आपल्या कॉलवर बसले. घड्याळ लावलं, सात मिनिटं. यात "मी" म्हणायची बंदी मीच स्वतःवर घातली. स्वतःलाही परक्याच्या नावानं हाक मारायची. जे लिहिलं गेलं ते जसंच्या तसं उतरवते:

"एक मुलगी रोज फोन करते. तिला आई-वडिलांची काळजी वाटते आणि ती काळजी तिला सोसत नाही, म्हणून ती प्रश्न विचारते. उत्तर 'हो' आलं की तेवढ्यापुरती तिची काळजी उतरते. वडिलांना काहीतरी सांगायचं असतं. ते लांबून, गोष्टीनं सुरुवात करतात, त्यांची रीतच ती. मुलीला मुद्दा हवा असतो. मुद्दा येण्याआधी ती दुसरा प्रश्न टाकते. वडील प्रश्नाचं उत्तर देतात आणि गोष्ट गिळून टाकतात. आई मागून बोलते, कारण फोन तिच्या हातात येईपर्यंत एखादंच मिनिट उरलेलं असतं. तिघंही एकमेकांना जपताहेत. तरी फोन ठेवल्यावर तिघांनाही काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं."

सात मिनिटं संपल्याची घंटी वाजली तेव्हा मी रडत होते. मग हसूही आलं, कारण या मुलीवर मला राग येत नव्हता. कॉल ऐकताना मला माझी लाज वाटली होती. हिच्याबद्दल मात्र वाटलं, किती दमलीये, एक दिवस सुट्टी द्या तिला.

ती सुट्टी मी मंजूर केलीय. रोजचा अकरा मिनिटांचा तपास बंद. त्याऐवजी तीन दिवस, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. मिनिटं मोजलीत तर आठवड्याला वाढतातच. तेव्हा लॅपटॉप बंद असेल, मी खुर्चीत बसलेली असेन, गाडीत नाही, ऑफिसच्या जिन्यात नाही. मधल्या दिवशी काही झालं, बीपी वाढलं, पाय मुरगळला, अगदी रिमोट सापडत नसला तरी तुम्ही कधीही फोन करायचा, रात्री तीनलाही. माझा फोन उशाशीच असतो. गोळ्यांच्या डबीवर वारांची नावं मोठ्या अक्षरात चिकटवून पाठवलीत, म्हणजे "घेतल्या का" हा प्रश्न डबीनंच विचारावा. बीपीचा आकडा आई त्या निळ्या वहीत लिहीलच, मला शनिवारी एकदम वाचून दाखवा. गरम पाण्याची पिशवी जुनी झाली होती, नवी निघालीय. बाबांच्या खुर्चीला हातात धरायला उंच दांडे बसवायचं दादाशी बोलून झालंय. तुमचं रोजचं काही अडणार नाही. फक्त माझा आवाज रोज येणार नाही. आणि खरं सांगा, त्या आवाजाची तुम्हाला एवढी सवय तरी का व्हावी?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

बाबा, आता तुमच्यासाठी एक खास. इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं की माणूस मित्राच्या भानगडीबद्दल जितक्या शहाणपणानं विचार करतो, तितक्या शहाणपणानं स्वतःच्या भानगडीबद्दल करत नाही. याला त्यांनी बायबलमधल्या राजा सॉलोमनचं नाव दिलं, ज्याच्याकडे लांबून लांबून लोक निवाड्याला यायचे आणि ज्याच्या स्वतःच्या घरात मात्र गोंधळ. स्वतःच्या प्रश्नाकडे दोन पावलं मागे सरकून, दुसऱ्याचा असल्यासारखं बघितलं की हा फरक जातो. आणि हे तरुणांत जसं दिसलं तसंच वयस्करांतही. म्हणजे वयानं सूट मिळत नाही, बाबा. मावशीच्या वेळेला तुम्ही जे बोललात त्यानं ते घर वाचलं, हे सगळे अजून म्हणतात. काकांच्या बाबतीत मात्र… बरं, नाही काढत नाव. पण सात मिनिटं आहेत तुमच्याकडेही. कागद कुणाला दाखवावा लागत नाही.

तीन दिवसांतला शनिवार आपण व्हिडिओवर बोलू. टॅब्लेट उभा करायचा स्टँड पाठवलाय, हातात धरून बसू नका, मला फक्त पंखा दिसतो. एक सांगून ठेवते. एक जण थांबला आणि दुसरा बोलायला लागला, या दोहोंतलं अंतर जगभरच्या भाषांत सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं असतं. २००९ मध्ये दहा भाषांमध्ये हे मोजलंय. आपले कान त्या ठेक्याला सरावलेले असतात. व्हिडिओवर आवाज पोचायला उशीर होतो, ठेका बिघडतो. जर्मनीतल्या संशोधकांना असं आढळलं की उशीर यंत्रामुळे होतो आणि माणूस दोष देतो समोरच्याच्या स्वभावाला: हा लक्ष देत नाही, हा तुसडा आहे. तुमच्या त्या थांबण्याला मी कितीदा "रुसले" म्हटलंय. तुम्ही बहुतेक नुसते माझा आवाज यायची वाट बघत होतात. म्हणून आता माझं बोलून झालं की मी मनात तीनपर्यंत मोजणार आहे. तुम्हाला वाटेल फोन कट झाला. नाही झालेला. मी गप्प बसायला शिकतेय.

आता त्या एका रेकॉर्डिंगबद्दल. ते मी पुसलं नाही ते आईमुळे. शेवटचं मिनिट आहे, बाबांनी "घे, तुझ्या आईला देतो" म्हटल्यानंतरचं.

आई: आणि जिन्यातला दिवा मी हल्ली रात्रभर चालूच ठेवते.
मी: बरं. कॅल्शियमची गोळी चालू आहे ना?
आई: हो. बिल येईल जरा जास्त, पण राहू दे दिवा.
मी: बिलाचं काय घेऊन बसलीस? डॉक्टरांनी कधी बोलावलंय?
आई: अठराला. दिवा असला की बरं वाटतं.
मी: हं. चल, ठेवू का?

आई, तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. माझं सगळं लहानपण तू आमच्या मागे दिवे मालवत फिरण्यात गेलं. पुस्तक वाचता वाचता झोप लागली की तू यायचीस, पुस्तक छातीवरून उचलायचीस, पान दुमडायचीस आणि दिवा घालवायचीस. मी जागी असले तरी डोळे मिटून पडायचे, कारण त्यानंतर तू कपाळावर हात ठेवायचीस. ती तू रात्रभर दिवा चालू ठेवतेस. तीन वेळा सांगितलंस मला. आणि मी कॅल्शियम विचारलं.

काय झालं जिन्यात? पाय घसरला का? की अंधारात पायरी दिसत नाही आणि डोळ्यांचं तू बाबांनाही सांगितलेलं नाहीस? की तसं काहीच नाही, नुसतं वाटतं? हे लिहिता लिहिता मी पायरीला लावायच्या चमकत्या पट्ट्या आणि माणूस आला की आपोआप लागणारा दिवा मागवूनही टाकला. बघ, पुन्हा तेच. तू सांगायच्या आधी उपाय. पट्ट्या येतील, त्या दादाकडून लावून घ्या, पण त्या तुझ्या सांगण्याचं उत्तर नाहीत हे मला कळतंय.

तर सोमवारी साडेआठला फोन आधी आईच्या हातात द्यायचा. बाबा, तुम्ही तोवर पलीकडच्या खोलीत बसायचं आणि तिथून "तिला ते पण सांग" असं ओरडायचं नाही. मग तुमची पाळी. आणि तुम्ही ती गोष्ट सुरू केली होतीत, "त्या दिवशी बँकेतून येताना काय झालं", जिच्यावर मी बीपी विचारलं, ती पहिल्यापासून सांगायची. मला शेवट माहीत नाही.

आई, मी काही विचारणार नाही. तू जिन्यापासून सुरू कर, नाहीतर आणखी कुठूनही. तोवर दिवा चालू राहू दे.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, मंगळवारपर्यंत कानात काडी, पिन, चावी काहीही घालायचं नाही. आणि टेपरेकॉर्डरचं झाकण दादानं तोडलं होतं. त्यानं परवा स्वतः कबूल केलंय.